गोड्या पाण्याची कोळंबी

प्रश्न : आमच्या खानावळीच्या पाटीवर रंगाऱ्याने ‘गोड पाण्याची कोळंबी’ असं लिहिलंय. सासरे म्हणतात, ‘गोड्या’ हवं. मुलगा म्हणतो, ‘गोड आंब्याचा रस’ चालतो, मग हे का नाही? – एक वाचक, आचरे

उत्तर : सासऱ्यांचं ऐका ताई, आणि रंगाऱ्याकडून ‘ड’ला ‘्या’ जोडून घ्या. नाहीतर घाटावरचा एखादा पाहुणा विचारायचा, कालवणात गूळ घालता का म्हणून.

मुलाचं उदाहरण बरोबर आहे, पण ते दुसऱ्या विशेषणाचं. ‘गोड’ ही जिभेची चव. हे विशेषण अविकारी : गोड आंबा, गोड कैरी, गोड शहाळं, गोड आंब्याचा. ‘गोडा’ मात्र आकारान्त, म्हणून नामाप्रमाणे बदलतं : गोडा मसाला, गोडी डाळ, गोडं पाणी. पुढच्या नामाला प्रत्यय लागला की ‘गोड्या’. या ‘गोडा’चा साखरेशी संबंध नाही. खारा नाही, तिखट नाही, कडू नाही, तो गोडा. सिंधुदुर्ग किल्ल्याला चहूकडून समुद्र, तरी आतल्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींचं पाणी गोडं. नावात साखर असली तरी ‘गोड’ नव्हे! गोड पाणी म्हणजे सरबताला साखर विरघळवतो ते.

आपल्या किनाऱ्यावर अशा जोड्या आणखी सापडतात. वारा खारा, खाडीचं पाणी खारं. पण मीठ जास्त पडलेली आमटी खारट. ‘खारा’ बदलतो, ‘खारट’ बदलत नाही. मला सर्वांत आवडते ती वालांची जोडी. बाजारात कडवे वाल मिळतात, गोडेही मिळतात. या झाल्या जाती. ‘कडू वाल’ म्हणालात तर ती तक्रार होते. दुकानदार पिशवी परत घेईल किंवा भांडेल. गिऱ्हाईक व्याकरण शिकलेलं नसतं, पण इथे सहसा चुकत नाही.

‘गोड गाते’ यात हाच शब्द क्रियाविशेषण होतो, त्यावर वाद नाही. घोटाळा होतो तो ‘गोडाचा शिरा’ म्हणताना. इथला ‘गोडा’ मसाल्यातला नव्हे. ‘जेवणात गोड काय?’ असं विचारतो, तेव्हा ‘गोड’ नाम असतं आणि त्याचं सामान्यरूप ‘गोडा-’ होतं. म्हणून गोडाचा शिरा, गोडाचं जेवण. ‘गोड्याचा शिरा’ कुणी पाटीवर लिहिला, तर मात्र सासऱ्यांना सांगू नका.