तीन एकर मुरमाड रानात नुसता साग लावू की मिश्र झाडं? (यवतमाळ जिल्हा)

मिश्रच लावा, साग मुख्य ठेवा, पण निम्म्याच्या वर जाऊ देऊ नका. कारण आपल्याकडच्या कोणत्याही निव्वळ सागाच्या रोपवनात पावसाळा सरता सरता दिसतं: अळी पानाचा हिरवा गर खाते आणि शिरांची जाळी तेवढी उरते. पान सूर्याकडे धरलं की आरपार दिसतं. एकाच जातीची हजार झाडं शेजारी असली की अळीला पुढचं पान शोधावंच लागत नाही. दुसरं, सागाच्या रुंद पानावर पाणी साचून मोठे थेंब पडतात. खाली गवत, झुडूप नसेल तर त्या थेंबांनी माती उघडी पडते आणि वाहून जाते. मुरमाड जमिनीत तेवढा एक वीतभर थरच तर आपली पुंजी! उन्हाळ्यात पाचोळ्याला वणवा लागतो तो वेगळाच.

सोबत काय लावावं:
- शिसम, करंज: मुळांवरच्या गाठींतून नत्र मिळतं
- शिवण: वाढ झपाट्याची, लाकूड हलकं पण कामाचं
- मोह, बेहडा: बांधाकडेला, कारण पसारा मोठा
- बांबू: वेगळ्या पट्ट्यात, सागात मिसळू नका

३ बाय ३ मीटरवर एकरी साधारण ४५० झाडं बसतात. मात्र सागाला डोक्यावर सावली अजिबात चालत नाही. शिवण पुढे निघून त्याला झाकू लागली की तिच्या फांद्या वेळीच छाटा, नाहीतर सागच मागे पडेल.