"थकू नको" म्हटलं अन् आई चिडली

प्रश्न : नमस्कार ताई, मी दारव्ह्याकडचा. पुण्यात शिकताना माझा रूममेट अफगाणिस्तानातला होता, जलालाबादचा, घरी पश्तो बोलायचा अन् आमचं आपसात इंग्रजी. दिवाळीत त्याला गावी आणलं, आई वावरात कापूस वेचत होती, तर तो तिला म्हणाला "स्तडे मा शे". मी अर्थ विचारला, म्हणे "डोन्ट बी टायर्ड". मी आईला तेच सांगितलं, तर आई म्हणे, "थकू नको म्हन्ते, मंग हे वावर कोन वेचन?" आता तो व्हॉट्सअ‍ॅपवर पश्तो म्हणी इंग्रजीत करून पाठवतो, मला त्या वऱ्हाडीत आणायच्या आहेत पण सगळ्या अशाच भलत्या होतात. काय चुकते?

उत्तर : भाऊ, चूक तुमची नाही अन् त्याचीही नाही, मधल्या मुक्कामावर घोळ झाला. पश्तोत तो आशीर्वाद आहे, तुला थकवा न येवो, काम करणाऱ्याला नाहीतर वाटेनं चालून आलेल्याला म्हणतात, अन् समोरचा उत्तरात "ख्वार मा शे" म्हणतो, म्हणजे तुझ्यावर हलाखी न येवो. इंग्रजीत येता येता त्याचा हुकूम झाला अन् तुम्ही तो हुकूमच आईपर्यंत नेला. आपल्याकडं अशा वेळी काय म्हणतात? "लय काम करून राह्यल्या काकू, बसा ना घडीभर." बस, हाच अनुवाद, शब्द एकही जुळत नाही पण माया तीच. म्हणून मित्राला नुसता अर्थ विचारू नका, हे कोण कोणाला कधी म्हणते ते विचारा.

अन् खरं सांगू, पश्तो आपल्याला इंग्रजीपेक्षा जवळची आहे. "मी भाकर खाल्ली" यात क्रियापद "मी"प्रमाणं नाही, भाकरीप्रमाणं बदलते ना, तिकडंही भूतकाळात तसंच चालते. तो जिवलगाला "जिगर" म्हणत असेल, जिगर म्हणजे यकृत, इंग्रजीत "माय लिव्हर" केलं की सगळे हसतात, पण आपलं काळीज मुळात यकृतच की, खाटकाकडची कलेजी आठवा! तिथं बिनधास्त "माझ्या काळजा" लिहा. "झडवर" म्हणजे शूर, झडा म्हणजे हृदय, तिथंही "काळजाचा माणूस" चालून जाते.

म्हणींचं मात्र उलटं करा. पश्तोत म्हणतात, डोंगर कितीही उंच असो, त्याच्या माथ्यावर वाट जातेच. याला "प्रयत्नांती परमेश्वर" करून टाकायचा मोह होईल, मला स्वतःला झाला होता, पण मग त्या माणसाचा डोंगरच गेला ना हो! चिखलदऱ्याचा घाट चढलेल्या कोणालाही ही म्हण समजावून सांगावी लागत नाही, "डोंगर केवढाबी असो, वर वाट असतेच" एवढंच लिहा अन् खाली अर्थबिर्थ देऊ नका.