दोन तारखा चुकल्या, आता दवाखान्यात फोन कसा करू?

भांडुपच्या एका आईचा हा प्रश्न. मुलगा सात वर्षांचा. खालच्या दुधाच्या दाढेचं रूट कॅनल अर्ध्यावर होतं. नस काढून, औषध घालून वर तात्पुरतं सिमेंट भरलेलं. पुढच्या तारखेला शाळेची चाचणी निघाली, त्याच्या पुढच्या तारखेला पावसाने लोकल बंद. दोन्ही वेळा कळवायचं राहिलं. मग दवाखान्यातून फोन आला तरी उचलायचा धीर होईना. असे पाच आठवडे गेले.

अशा पालकांत निष्काळजी माणूस क्वचितच दिसतो. पहिली तारीख अडचणीमुळे चुकते, पुढची संकोचामुळे. शिवाय मूल रडतं, त्यामुळे तारीख चुकली की घरात सगळ्यांनाच थोडं सुटल्यासारखं वाटतं. हे त्या आईने स्वतःहून कबूल केलं आणि तिथून बोलणं सोपं झालं.

आधी दाढेचं बोललो. तात्पुरतं सिमेंट थोड्या आठवड्यांपुरतंच असतं. चावून चावून ते झिजतं, कडेने लाळ झिरपते, आत पुन्हा जंतू शिरतात आणि हिरडीवर पुळी येते. ‘दुधाचीच तर आहे, पडेल’ असं सासूबाई म्हणत होत्या. पण ही मागची दुधाची दाढ दहा-बारा वर्षांपर्यंत लागते. ती आधीच काढावी लागली तर सहाव्या वर्षाच्या सुमारास आलेली कायमची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताची जागा जाते.

मग फोनवर काय बोलायचं ते कागदावर लिहायला सांगितलं. तिने आठ ओळी लिहिल्या, त्यातल्या सहा नुसत्या माफीच्या. त्या खोडल्या. उरलं ते एवढं: ‘मुलाचं नाव अमुक, केसपेपर नंबर अमुक, खालच्या दाढेचं रूट कॅनल अर्धवट आहे. दोन तारखांना येता आलं नाही, कळवलंही नाही, चुकलं. पुढची तारीख द्याल का?’ फोन तिने तिथेच बसून लावला. पलीकडून विचारलं, ‘सूज आहे का? ताप?’ नाही म्हटल्यावर गुरुवार, सकाळी साडेदहा.

तारीख रद्द करायची तर निदान एक दिवस आधी, दवाखान्याच्या वेळेत फोन करा. तेवढ्या वेळेत दुखणाऱ्या दुसऱ्या मुलाला बोलावता येतं. व्हॉट्सअ‍ॅप केलं असेल तर उत्तर येईपर्यंत कळवलं असं धरू नका. फोन ठेवण्याआधी नवी तारीख मागून घ्या, कारण ‘नंतर सांगते’ म्हटलेलं बहुतेकदा राहूनच जातं. लोकलमध्ये अडकलात तर गाडीतूनच कळवा. मुंबईतल्या नायर रुग्णालयाच्या किंवा सीएसएमटीजवळच्या सरकारी दंत महाविद्यालयात उपचार सुरू असतील तर तारीख चुकली तरी जुना केसपेपर आणि एक्स-रे घेऊनच जा, म्हणजे कुठपर्यंत काम झालंय ते कळतं.

मुलाला ताप असेल, नाक चोंदलं असेल तर तारीख जरूर पुढे ढकला; नाक बंद असताना, तोंडात उपचार चालू असले की त्याला नीट श्वास घेता येत नाही. पण गालाला सूज असेल तर तारीख रद्द करू नका, उलट फोन करून त्याच दिवशी बोलावताय का ते विचारा. सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे पसरत असेल, तोंड उघडत नसेल, गिळायला किंवा श्वासाला त्रास होत असेल तर तारखेची वाट न पाहता थेट मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत न्या.