वर्षातून आठ दिवस फूल आणि बाकी रिकामी कुंडी, मग कंदाची झाडं घरी लावण्यात मजा काय?

तुमचा प्रश्न वाचला आणि आधी शंका आली की आमच्या ह्यांनीच दुसऱ्या नावाने विचारलाय की काय. "गुलाब, मोगरा बारा महिने काही ना काही देत राहतात, मग आठ दिवस फुलणारे कंद लावून गॅलरीतली जागा का अडवायची, उरलेलं वर्ष रिकामी कुंडी बघत बसायचं का, आणि लावायचेच तर ट्युलिप मागवू का?" यातला ट्युलिपचा भाग सोडला तर बाकी सगळं मी आमच्या घरात गेली कित्येक वर्षं ऐकतेय, शब्दसुद्धा जवळपास हेच. त्यामुळे उत्तर लांबेल, आणि थोडं तुमच्यासाठी नसेलही, सांभाळून घ्या.

पहिलं म्हणजे मोगरा बारा महिने कुठल्या गावात फुलतो ते मला कळवा, मी राहायला येते. दुसरं म्हणजे कुंडी रिकामी नसते. झोपलेल्या माणसाला कोणी मेला म्हणतं का?

माझं माहेर लांज्याजवळ. आमच्या घराच्या गडग्याला लागून मे फ्लॉवर होतं, फुटबॉल लिली म्हणतात ते. कोणी लावलं माहीत नाही, आजीच्या वेळेपासून होतं. मूळचं आफ्रिकेतलं झाड, पण कोकणात असं रुळलंय की आम्हाला ते करवंदाइतकंच आपलं वाटायचं. सगळा उन्हाळा तिथे काहीच नसायचं, नुसता पाचोळा. मग मे महिन्यात एखादा वळीव पडला की एकेका कंदातून जाड दांडा वर यायचा, पान एकही नाही, आणि डोक्यावर लालभडक चेंडू. आम्हा मुलांची पैज असायची, पहिला दांडा कोणाला दिसतो. दिसला की आई म्हणायची, "चला, आता लाकडं आत घ्यायला हवीत." पाऊस जवळ आल्याची तिची खूण ती.

२०१८ च्या जानेवारीत भाच्याच्या मुंजीला गेले होते तेव्हा आईने अकरा कंद काढून दिले, झोपेत असतानाच काढायचे असतात. वर्तमानपत्रात गुंडाळून, दुधाच्या पिशवीत घालून, एसटीने डोंबिवलीला. मोठी बारा इंची कुंडी घेतली, माती, वाळू आणि शेणखत घातलं आणि लावले. त्या मे मध्ये फक्त पानं आली. जागा बदलली की हे कंद रुसतात, एखादं वर्ष फूल देत नाहीत. ह्यांनी लगेच "बघ, म्हटलं नव्हतं" सुरू केलं. हे बँकेतून रिटायर झालेत, साताऱ्याचे आहेत आणि प्रत्येक गोष्टीला परतावा किती ते विचारतात. २०१९ ला पाच फुलं आली. पाच! एका कुंडीत पाच लाल चेंडू, खालच्या मजल्यावरच्या काकू वर बघायला आल्या. हे म्हणाले छान आहे, पण आठ दिवसांचं.

आता मुख्य गोष्ट. दिवाळीनंतर पानं पिवळी पडून गळाली, मी पाणी बंद केलं, कुंडी कोपऱ्यात सरकवली आणि लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेले. अडीच महिने. फेब्रुवारीत परत आले तर माझ्या कुंडीत मिरची! हिरवीगार, तरारलेली, काठी लावून बांधलेली. मी म्हटलं हे काय? तर म्हणे, रिकामीच होती, उगाच जागा फुकट कशाला. आणि माणूस एवढा शिस्तीचा की सकाळ-संध्याकाळ न चुकता पाणी. मी बोट घालून माती उकरली तर पहिलाच कंद हातात लगदा होऊन आला, आणि वास असा की विचारू नका. झोपलेल्या कंदाला रोज पाणी म्हणजे काय होतं हे ज्याने सडका कांदा टोपलीतून उचललाय त्याला सांगायला नको. अकरातले सात गेले. चार वाचले ते कुंडीच्या कडेला होते म्हणून.

मी दोन दिवस बोलले नाही. आईला फोन केला, ती म्हणाली, "चार आहेत ना, मग झालं, चाराचे चाळीस होतील." ह्यांनी काय केलं? मिरच्या मोजल्या. चौदा. आणि मला सांगितलं की सात कंदांची बाजारात किंमत धर, चौदा मिरच्यांची किंमत वजा कर, म्हणजे खरं नुकसान कळेल.

ते चार कंद मी वेगळ्या कुंडीत कोरड्या मातीत ठेवले. मग मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. मे २०२० आठवतोय ना सगळ्यांना, घरात बसून भिंती पाठ झाल्या होत्या. हे रोज सकाळी चहा घेऊन गॅलरीत बसायचे कारण दुसरीकडे जायला जागाच नव्हती. एक दिवस हाक मारली, अगं, तुझ्या त्या कुंडीत भूछत्र उगवलंय. भूछत्र कसलं, दांड्याचं नाक होतं ते! मी म्हटलं असेल भूछत्र, हात लावू नका. दुसऱ्या दिवशी बोटभर, तिसऱ्या दिवशी वीतभर, आणि पट्टी घेऊन मोजायला कोण बसलं? चेंडू उघडल्यावर एका चेंडूत किती छोटी फुलं असतात तेही मोजलं, एकशे बारा. रोज फोटो, आणि बँकेच्या जुन्या ग्रुपवर "आमच्या गॅलरीतून" असं लिहून. आमच्या! मी काही बोलले नाही तेव्हा, आत्ता बोलतेय.

तर तुमच्या "मजा काय" चं माझं उत्तर हेच आहे, ती अकरा महिन्यांचीच मजा आहे. हापूस बारा महिने मिळाला असता तर पेटी उघडताना घरातली माणसं गोळा झाली असती का? गणपती दहा दिवसच येतात, तेव्हा कोणी विचारत नाही की बाकीचे दिवस मखराची जागा का अडवायची. आणि एफडी केल्यावर दर आठवड्याला मोडून बघता का आत पैसे आहेत की नाही? हा शेवटचा मुद्दा ह्यांच्यासाठी.

ह्यांनी यावर कुठून तरी वाचून आणलं की हॉलंडमध्ये लोकांनी ट्युलिपच्या कंदांवर घराएवढे पैसे लावले आणि १६३७ च्या फेब्रुवारीत भाव धाडकन कोसळले, तेव्हा कंदवाल्यांनी शहाणपण शिकवू नये. मग मीही वाचलं. तो सगळा सौदा हिवाळ्यातला, कंद तेव्हा जमिनीखाली, नुसते कागद या हातातून त्या हातात फिरत होते, आणि अख्खा देश बुडाला वगैरे नंतर तिखटमीठ लावून सांगितलेलं आहे. म्हणजे न दिसणाऱ्या कंदावर डच माणूस कागदावर विश्वास ठेवतो आणि तुम्ही चार महिने माझ्या कुंडीवर ठेवू शकत नाही?

बरं, ट्युलिपचं. नका मागवू. त्याला बारा ते सोळा आठवडे कडक थंडी लागते, ९ डिग्रीच्या खाली, ती आपल्याकडे फक्त फ्रिजमध्ये असते. तिथेही सफरचंद, केळी शेजारी चालत नाहीत, पिकणाऱ्या फळातून जो वायू निघतो त्याने कंदातली कळी आतच मरते. एवढं करून जमलं तर एकदा फूल, पुढच्या वर्षी परत विकतचा कंद. श्रीनगरला झबरवान डोंगराच्या पायथ्याशी ट्युलिपची मोठी बाग आहे, मार्चअखेर ते एप्रिल तिकडे जाऊन डोळे भरून बघा, स्वस्त पडेल. आणि ऑनलाइन फोटोत निळी, जांभळी लिली दिसली की पुढे सरका. मी एकदा निळ्या म्हणून सहा मागवल्या, सहाही लाल निघाल्या, तेही दोन वर्षं सांभाळल्यावर.

आपल्याकडे आपल्या हवेतलेच लावा. पावसाळी लिली तर वेड्यालाही येते, गुलाबी, पांढरी, पिवळी, कोरडा काळ गेला आणि पाऊस झाला की तीन-चार दिवसांत अख्खी कुंडी फुलते. माझ्याकडे तरी नळाचं कितीही पाणी घाला, ढिम्म, तिला बरोबर कळतं. भुईचाफा मिळाला तर सोडू नका, पान नाही दांडा नाही, उन्हाळ्यात थेट मातीतून फूल आणि वास असा की नाक जमिनीला लावावं लागतं आणि आपण लावतो. (तो कंद नाही, हळदीसारखा गड्डा आहे, पण झोपतो तसाच.) अमॅरिलिस (मोठ्या कर्ण्यासारख्या फुलाची लिली) लावताना कंदाचा वरचा तिसरा भाग मातीच्या वर ठेवा आणि फूल गेल्यावर पानं कापू नका, सुंदर दिसत नाहीत म्हणून लोक कापतात आणि मग विचारतात यंदा फूल का नाही. त्याचा हिशोब साधारण तीन-चार पानांमागे एक दांडा असा असतो, पानं म्हणजे पुढच्या वर्षाची कमाई. निशिगंध हवा तर एप्रिल-मे मध्ये लावा, सिंगल (एकेरी पाकळ्यांचा) मागा, डबल दिसायला भारी पण वासाला सिंगलच. एकदा फुललेला कंद परत फुलत नाही, त्याच्या बाजूची पिल्लं फुलतात, म्हणून दोन-तीन वर्षांनी कुंडी उलटी करून पिल्लं वेगळी करायची.

हिवाळ्यात आठवडाभर गावाला गेलात तर शेजाऱ्यांकडे किल्ली द्यावी लागत नाही हा फायदा गुलाबवाल्यांना नाही. आणि वाटायला होतात. माझ्या चाराचे आता सतरा झालेत, त्याशिवाय बहिणीला दिले, आमच्या कामवाल्या मावशींना दिले, खालच्या काकूंकडे तर माझ्याआधी फूल येतं, त्याचा थोडा राग आहे.

राहिलं ते आता सांगते, आधी सांगायला हवं होतं. हे सगळं फार थंडी पडते किंवा गॅलरीत ऊनच येत नाही तिथे असंच्या असं लागू होईल असं नाही, मे फ्लॉवर अर्ध्या सावलीत चालतं, निशिगंधाला ऊनच पाहिजे. पावसाळ्यात काळी-पांढरी ठिपक्यांची अळी लिलीची पानं एका रात्रीत फस्त करते, सरळ वेचून काढायची. आणि महत्त्वाचं, मे फ्लॉवर, अमॅरिलिस, पावसाळी लिली यांचे कंद विषारी असतात आणि दिसतात कांद्यासारखे. घरात लहान मूल, मांजर, कुत्रा असेल तर जपून, आणि काढलेले कंद स्वयंपाकघरात तर मुळीच ठेवू नका. मी कुंडीतच ठेवते, कुंडी आडवी करून, वर खडूने "आत माणसं आहेत" असं लिहून.

हे आत्ता मागून वाचून गेले. म्हणतात चौदा नव्हत्या, सोळा होत्या मिरच्या. असतील.