मंगा सावकाश वाचायची असते का? तुमचे आवडते मंगाकार कोणते?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की मंगाचा, म्हणजे जपानी चित्रकथेचा, एक खंड अर्ध्या तासात संपतो, दुसऱ्या दिवशी त्यातलं फारसं आठवत नाही, आणि मग एवढे पैसे घालून हे विकत का घ्यायचं असं वाटतं. माझंही अगदी असंच व्हायचं. ते कसं बदललं तेच सांगते, आवडत्या मंगाकारांची नावं त्यात ओघाने येतील.

जिरो तानिगुची यांचं ‘द वॉकिंग मॅन’ मी पहिल्यांदा वाचलं ते पुणे-सातारा एसटीत. कात्रजचा बोगदा मागे पडल्यावर उघडलं आणि खेड शिवापूर यायच्या आत मिटलं. एक माणूस घरातून निघतो, फिरतो आणि परत येतो. वाटेत पक्षी बघत उभ्या असलेल्या कुणाशी दोन शब्द बोलतो. मुलांचं खेळण्यातलं विमान झाडात अडकलेलं असतं, ते काढायला वर चढतो. एका रात्री तरणतलावात उतरून एकटाच पोहतो. एवढंच. संवाद नावापुरते, गोष्ट अशी नाहीच. मी ते पिशवीत टाकलं आणि विसरले.

त्याच वर्षी बाबांची बायपास झाली. डॉक्टरांनी सांगितलं, रोज चालायचं, पण हळू, आणि दम लागला की लगेच थांबायचं. मी दोन महिने साताऱ्यात राहून काम करत होते, त्यामुळे रोज संध्याकाळी त्यांच्यासोबत जायचे. आमच्या घरापासून मारुतीच्या देवळापर्यंतचा रस्ता मी आयुष्यभर पाच मिनिटांत तुडवलाय. बाबांबरोबर त्याला पंचवीस मिनिटं लागायची. दर दहा-बारा घरांमागे थांबायचं, आणि थांबलं की बघण्यावाचून दुसरं काही करण्यासारखं नसायचं. कुणाच्या कुंपणावर गोकर्ण फुलली होती. एका जुन्या घराची दगडी पायरी मधोमध झिजून वाटीसारखी झाली होती. पाऊस थांबल्यावर पागोळ्या किती वेळ गळत राहतात हे मला त्या वर्षी कळलं.

त्या आठवड्यात मी ते पुस्तक पुन्हा उघडलं. तानिगुची छप्पर काढतात तेव्हा त्यातलं एकेक कौल काढतात. विजेचे खांब, तारा, कुंपणाची जाळी, भिंतीवर पडलेली पानांची सावली, सगळं तितक्याच मन लावून. चालणारा माणूस वाटेत थांबतो, आणि पुढच्या चौकटीत तो ज्याच्याकडे बघतोय ते दिसतं. म्हणजे त्या चौकटीत त्याची नजर काढलेली असते, आणि आपण तिथे थांबलो नाही तर तो कशासाठी थांबला हे आपल्याला कळणारच नाही. एसटीत मी त्याच्या शेजारून धावत पुढे गेले होते.

तेव्हापासून तानिगुची माझे सगळ्यात लाडके. १९४७ साली तोत्तोरीत जन्मलेला आणि २०१७ साली गेलेला हा माणूस. त्यांची ‘अ डिस्टंट नेबरहूड’ तुम्ही जरूर घ्या. अठ्ठेचाळीस वर्षांचा एक गृहस्थ चुकून भलत्याच गाडीत बसतो आणि आपल्या जुन्या गावी, कुरायोशीला पोचतो. आईच्या थडग्यापाशी त्याला भोवळ येते, आणि शुद्धीवर येतो तेव्हा तो चौदा वर्षांचा झालेला असतो. शरीर मुलाचं, समज प्रौढाची. त्याच वर्षी त्याचे वडील घर सोडून जाणार आहेत हे त्याला ठाऊक आहे. मग तो वडिलांना बघत राहतो. जेवणाच्या वेळी, दुकानात काम करताना. ज्या माणसाकडे मुलगा म्हणून कधी नीट पाहिलंच नव्हतं, त्याच्याकडे आता तो पाहतो. हे पुस्तक मी बाबांच्या चालण्याच्या दिवसांत वाचलं, एका बैठकीला एकच प्रकरण. त्याहून जास्त मला झेपलंही नसतं.

आता एक गोष्ट स्पष्ट करते, कारण तुम्ही स्वतःला दोष देताय असं वाटलं. मंगा झरझर वाचली जाते यात तुमचं काही चुकत नाही. ती तशीच रचलेली असते. साप्ताहिकात येणाऱ्या मालिकेचा मंगाकार आठवड्याला साधारण वीस पानं देतो, आणि वाचणारा ती लोकलमध्ये उभ्या उभ्या वाचणार हे त्याला माहीत असतं. डोळा कुठून कुठे सरकेल, कुठे अडखळणार नाही, याचा विचार प्रत्येक पानात असतो. जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे चालतं. त्यामुळे डाव्या पानाच्या तळाची चौकट आपल्याला पान उलटायला लावते आणि धक्का उलटल्यानंतरच्या पानावर बसतो. म्हणून मोबाइलवर एकेक पान सरकवत वाचू नका, निदान समोरासमोरची दोन पानं एकत्र दिसतील असं बघा. नाहीतर मंगाकाराने जपून ठेवलेला तो क्षण पडद्यावर सांडून जातो.

काही मंगा तर वेगातच वाचायच्या. ताकेहिको इनोउए यांच्या ‘स्लॅम डंक’मधल्या शेवटच्या मोठ्या सामन्याचे अखेरचे क्षण घ्या. बास्केटबॉलच्या मैदानावरचे मोजके सेकंद, पण पानांमागून पानं जातात आणि शब्द जवळपास नाहीत. तिथे मी पहिल्यांदा श्वास रोखून धावत सुटले, आणि तेच बरोबर होतं. दुसऱ्यांदा गेले तेव्हा घामाचे थेंब आणि बुटांच्या रेघा बघत हळूहळू गेले. याच इनोउए यांनी पुढे ‘वॅगाबाँड’मध्ये हातात कुंचला घेतला. मियामोतो मुसाशी हा तलवारबाज, शेकडो पानं माणसं कापत आलेला, एका उपाशी गावात येऊन पोचतो आणि नापीक जमीन कसायला लागतो. प्रकरणांमागून प्रकरणं माती, पाणी, भाताची रोपं आणि भूक. पुष्कळांना हा भाग रटाळ वाटतो. मला तो संपूर्ण मालिकेतला सर्वांत थोर भाग वाटतो. चिखलात घोट्यापर्यंत रुतलेले पाय त्यांनी ज्या जाड, ओल्या फटकाऱ्यांनी काढलेत, ते बघताना मला आजोळच्या खाचरांतली लावणी आठवते. २०१५पासून ही मालिका थांबलेली आहे. सदतीस खंडांवर.

पण मला सावकाश वाचायला खऱ्या अर्थाने कुणी शिकवलं असेल तर फुमियो कोनो यांनी. त्या १९६८ साली हिरोशिमात जन्मल्या. ‘इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड’ ही त्यांची मालिका २००७ ते २००९ या काळात आली. सुझू नावाची चित्रं काढणारी, थोडी वेंधळी मुलगी हिरोशिमातून लग्न होऊन कुरे या आरमारी बंदराच्या गावी जाते. बहुतेक प्रकरणांना नावं नाहीत, फक्त साल आणि महिना आहे. वाचणाऱ्याला माहीत असतं की हे महिने १९४५च्या ऑगस्टकडे चाललेत. सुझूला ते माहीत नसतं. ती रेशनच्या रांगेत उभी राहते, रस्त्याकडेचा पाला खुडून जेवण करते, तांदूळ भाजून, भिजवून मग शिजवते, म्हणजे तो फुगेल आणि भात जास्त दिसेल. हे सगळं कोनो इतकं नीट, टप्प्याटप्प्याने दाखवतात की आपण तिच्या चुलीपाशी बसलोय असं वाटतं. मी ही तीन पुस्तकं महिन्याला तीन-चार प्रकरणं अशी वाचली. घाई केली असती तर ऑगस्ट लवकर आला असता. तो यावा असं मला वाटत नव्हतं.

कोनो यांच्या पानांवरच्या सावल्या हाताने मारलेल्या बारीक रेघांच्या असतात. पुढे कथेत एक घटना घडते, ती कोणती ते सांगत नाही, आणि त्यानंतर चित्रांतली पार्श्वभूमी कोनो यांनी डाव्या हाताने काढली आहे. घरं, डोंगर, रस्ते, सगळं थोडं वेडंवाकडं होतं. हे मला नंतर कळलं, पण वाचताना काहीतरी ढळलंय हे पोटात जाणवलं होतं.

इथे बाबांना आणावंच लागेल. ते बांधकाम खात्यात आरेखक होते. आयुष्यभर नकाशे काढलेला माणूस, त्यामुळे रेघ दिसली की चष्मा पुसतात. दुपारी विश्रांती घेताना त्यांनी माझ्या उशापासचं कोनो यांचं पुस्तक उचललं. आधी डावीकडून उघडलं, मग मी सांगितल्यावर उलट केलं. दहा मिनिटं पान उलटलं नाही. मला वाटलं झोप लागली. जवळ गेले तर एका डोंगराच्या उतारावर बोट ठेवून म्हणाले, “हे सगळं हाताने केलंय गं. एवढ्यालाच अर्धा दिवस गेला असेल.” मला त्या उतारात फक्त करडा रंग दिसला होता.

त्यानंतर मी प्रत्येक प्रकरण दोनदा वाचते. एकदा गोष्टीसाठी, आणि दुसऱ्यांदा मजकुराकडे न बघता, नुसती चित्रं. दुसऱ्या फेरीत कळतं की कोणती चौकट रिकामी सोडलीय आणि कुठे एखादी बाई बोलताना आपल्याला तिचा चेहरा न दाखवता तिचे हात दाखवलेत. जपानी मंगाकार शांततासुद्धा आवाजासारखी लिहितात. ‘शीन’ अशी अक्षरं चौकटीत असतात, म्हणजे तिथे काहीच ऐकू येत नाहीये. आपल्या ‘शुकशुकाट’ शब्दातही असाच आवाज दडलाय असं मला वाटतं. पहिल्या फेरीत मी अशा चौकटी ओलांडून जाते. दुसऱ्या फेरीत तिथेच बसते.

काओरु मोरी यांचं नाव घेतल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. त्यांची ‘अ ब्राइड्स स्टोरी’ एकोणिसाव्या शतकातल्या मध्य आशियात घडते आणि २००८पासून चालू आहे. त्यातल्या एका प्रकरणात एक लहान मुलगा लाकडावर कोरीवकाम करणाऱ्या म्हाताऱ्याजवळ बसून नुसता बघत राहतो. दुसऱ्या एका प्रकरणात आजी घरातली जुनी भरतकामाची वस्त्रं काढून नातीला दाखवते. हे कुणी केलं, ते कुणी केलं, कुणाच्या टाक्यात काय खुबी होती. नातीला फक्त ससाणेच भरायचे असतात. ती वस्त्रं मोरी टाका-टाका काढतात. माझ्या आजीने भरलेला एक कशिद्याचा रुमाल घरात आहे. त्या दिवशी तो काढून मी पहिल्यांदा त्याची मागची बाजू बघितली. पुढच्याइतकीच नीट होती.

वाट पाहण्याबद्दलही थोडं लिहिते, कारण तुम्ही म्हणता की सगळे खंड एकदम आणून सलग वाचता. लहानपणी ‘चांदोबा’ महिन्यातून एकदा यायचा, आणि विक्रम-वेताळाची गोष्ट वाचून झाली की मधल्या दिवसांत ती आपल्या डोक्यात चालू राहायची. मंगा मुळात अशीच अंकाअंकाने येते, खंड नंतर निघतात. केंतारो मिउरा यांची ‘बर्सर्क’ १९८९ साली सुरू झाली, आणि २०२१च्या मे महिन्यात, चोपन्नाव्या वर्षी, मिउरा अचानक गेले. गोष्ट अर्धी राहिली. त्यांनी शेवटापर्यंतचं कथानक जुन्या मित्राला, मंगाकार कोउजी मोरी यांना, सांगून ठेवलं होतं. २०२२पासून मिउरांचेच साहाय्यक त्या मित्राच्या देखरेखीखाली ती पुढे नेत आहेत. तीस वर्षं जी पानं लोकांनी थेंबाथेंबाने वाचली, ती आपण एका सुट्टीत संपवू शकतो खरं. मी तशी संपवलीही होती. आता परत सुरू केलीय, आणि त्या काळ्याकुट्ट, रेघांनी गच्च भरलेल्या दुपानी चित्रांवर किमान एक चहा होईल इतकी थांबते.

तुम्ही कुठून सुरुवात करावी? माझं ऐकाल तर हितोशी आशिनानो यांच्या ‘योकोहामा काइदाशी किको’पासून. १९९४ ते २००६, मूळ चौदा खंड, इंग्रजीत जाडजूड एकत्रित पुस्तकांत मिळते. समुद्र वर चढलाय, शहरं पाण्याखाली गेलीत, माणसं कमी कमी होत चाललीत. त्या जगात आल्फा नावाची एक यंत्रमुलगी किनाऱ्यालगत कॉफीचं दुकान चालवते. गिऱ्हाईक क्वचितच येतं. ती स्कूटरवरून सामान आणायला जाते, शेजारच्या पेट्रोलपंपवाल्या आजोबांशी बोलते, पाऊस बघते. तिला मालकाकडून कॅमेरा भेट येतो तेव्हा ती दिवसभर हिंडते आणि मोजकेच फोटो काढून परतते. पुष्कळ पानांवर फक्त वारा, गवत आणि रस्ता. ही मंगा अर्ध्या तासात वाचलीत तर हातात काहीच उरणार नाही, पण रोज झोपण्यापूर्वी एक प्रकरण घेतलंत तर ते दुकान तुमच्या ओळखीचं होईल.

माझी शेवटची काही प्रकरणं अजून राहिली आहेत. मुद्दाम ठेवलीत. बाबा सध्या दुसऱ्या जाड खंडावर आहेत, आणि एकेका डोंगरावर, एकेका मेघावर बोट ठेवत जातात, त्यामुळे त्यांना वेळ लागणार. ते माझ्यापर्यंत पोचले की उरलेली आम्ही गच्चीवर बसून एकत्र वाचू.