गाणी बदलायच्या आधी

भाऊ, सामुदायिक रेडिओचं (गावकऱ्यांसाठी चालणारं छोटं) केंद्र हाती आल्याबरोबर जुनी गाणी काढून सगळी नवी हिंदी लावायची घाई करू नको. मी केली होती. आठवड्यात पऱ्हाटी (कापूस) वेचणाऱ्या बायांचा निरोप आला, 'आमची भुलाबाईची गाणी कुठी गेली?' आणि ज्या पोरांसाठी बदल केला, ती मोबाईलवरच राहिली!

सामुदायिक रेडिओची ताकद साधारण १०० वॅटपर्यंत, म्हणजे दहा-पंधरा किलोमीटरमधली गावं. तिथं रेडिओ कोण लावतं, किती वाजता, ते चार दिवस फिरून बघ. टपरीवर बस, गोठ्यात डोकाव.

मग एवढंच कर:
- एका वेळी एकच तास बदल, तोही दुपारचा. सकाळची भजनं, बाजारभाव यांना हात लावू नको.
- बदल दोन-तीन महिने टिकव. दर सोमवारी नवं काही केलं की लोक बटण फिरवतात.
- फोन करणारे तेच ते दहाजण असतात. त्यांच्यावरून गाव मोजू नको.

निम्मा कार्यक्रम स्थानिक हवा हा नियमच आहे, तर दंडार (आपलं लोकनाट्य) करणाऱ्यांना माइकपुढे बसव. गाण्यापेक्षा आपल्या गावचा आवाज लोक जास्त ऐकतात, असा माझा अनुभव. सॉफ्टवेअर, सर्वेक्षण वगैरे पुढच्या वर्षी बघू.