मुलींच्या कबड्डीत पैसा नाही, मग तिला थांबवावे का?

हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारे बहुतेक वडील मुलीच्या खेळावर रुष्ट नसतात. खर्चाच्या हिशेबाने ते धास्तावलेले असतात. असेच एक गृहस्थ आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला घेऊन आले होते (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत). मुलगी चांगली चढाईपटू, पण महिनाभर सरावाला गेली नव्हती, तिची झोप उडाली होती आणि घरात बोलणेही तुटले होते. निमित्त झाले होते एका निमंत्रित स्पर्धेचे. तिथे पुरुष गटाच्या विजेत्यांना 51 हजार रुपये आणि तिच्या विजेत्या संघाला 21 हजार मिळाले; शिवाय महिलांचा अंतिम सामना भर दुपारी उरकून घेण्यात आला, कारण संध्याकाळची वेळ पुरुषांसाठी राखून ठेवलेली होती.

"मॅडम, हिच्या डोक्यातला राग तेवढा काढा," वडील म्हणाले.

ते काम मी घेतले नाही. झोपेकडे लक्ष देणे गरजेचे होते आणि ते आम्ही दिले. परंतु रागाला कारण होते. मला काळजी वाटली ती दुसऱ्या भेटीत ती हळूच बोलून गेलेल्या वाक्याची: "आमचा खेळच कमी प्रतीचा असेल."

म्हणून आम्ही काही आकडे पाहिले. ऑक्टोबर 2022 मध्ये भारतीय क्रिकेट मंडळाने महिला आणि पुरुषांचे सामना मानधन समान केले, कसोटीसाठी 15 लाख रुपये. त्या घोषणेच्या आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी महिलांचा खेळ तोच होता. वार्षिक करारांत मात्र सर्वोच्च श्रेणीला पुरुषांसाठी सात कोटी आणि महिलांसाठी पन्नास लाख हे अंतर तेव्हाही राहिलेच. कबड्डीत पुरुषांची व्यावसायिक लीग 2014 पासून चालू आहे, तर 2016 मध्ये तीन संघांची महिला स्पर्धा एकदाच झाली. प्रक्षेपण, प्रायोजक आणि आयोजकांची इच्छा यांवर दर ठरतो, हे तिने स्वतःच मांडले. दीपिका पल्लीकल हिने बक्षिसातील तफावतीमुळे राष्ट्रीय स्क्वॉश स्पर्धा काही वर्षे खेळली नाही आणि रक्कम समान झाल्यावर 2016 मध्ये ती परतली, हेही मी सांगितले. मात्र तिचे अनुकरण सुचवले नाही. आंतरराष्ट्रीय खेळाडूचा बहिष्कार बातमी होतो, गावच्या संघाला पुढच्या वर्षी निमंत्रणच येत नाही.

तिसऱ्या भेटीत मी वडिलांना दोन्ही मुलांचा वर्षभराचा खर्च सांगायला लावला, कारण धाकटा मुलगाही कबड्डी खेळतो. त्याला दर हंगामात नवे बूट. तिला? "बक्षीस मिळालं की घेऊ म्हटलं होतं," एवढे बोलून ते बराच वेळ गप्प बसले.

थांबवण्याबद्दल माझे मत स्पष्ट होते: थांबवू नये, पण केवळ बक्षिसाच्या भरवशावरही ठेवू नये. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, परंतु ते स्पर्धेच्या दर्जावर आणि पात्रतेवर अवलंबून असते. त्यामुळे पदवीचे शिक्षण आणि सराव दोन्ही चालू राहावेत, असे ठरले.

ती सरावाला परतली. सहा संघांच्या कर्णधारांनी मिळून आयोजकांना पत्र दिले. पुढच्या वर्षी महिला गटाचे बक्षीस 31 हजार झाले, अंतिम सामना मात्र दुपारीच राहिला. शेवटच्या भेटीला वडील एक कागद घेऊन आले. सामन्याच्या वेळेबद्दलच्या दुसऱ्या पत्राचा तो मसुदा होता, आणि अक्षर त्यांचेच होते.